चिमट्याखालचा जांभळा

कारखान्यात त्याला बुडव्या म्हणत. नवा माणूस हे नाव ऐकून बिचकायचा, कारण बुडव्या म्हटलं की लोकांचे पैसे गिळून बसलेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. यानं जन्मात कुणाचा छदाम बुडवला नव्हता. तो बुडवायचा ते ॲल्युमिनियमचे सुटे भाग, आणि तेही रंगाच्या टाकीत. नाव कुणी ठेवलं ते त्यालाही आठवत नव्हतं, पण त्याला ते आवडायचं. पुढे असं काही घडलं की हे नाव लोकांच्या ओठांवरच मेलं, म्हणून आपण त्याला रंगारीच म्हणू.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड आणि एका ओळीत मांडलेल्या टाक्या. खिशात मावणाऱ्या वस्तूंची कवचं तिथे रंगायला यायची. टॉर्चच्या नळ्या, फोनच्या पाठी, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गाणी ऐकायच्या छोट्या प्लेअरच्या डब्या. ॲल्युमिनियमवर नुसता रंग फासला तर चार दिवसांत पोपडे निघतात. म्हणून त्याला आधी ॲसिडच्या टाकीत टांगायचं आणि वीज सोडायची. मग त्याच्या अंगातूनच एक पातळ, कडक कवच वर येतं. त्या कवचाला डोळ्याला न दिसणारी लाखो भोकं असतात. तसाच ओला भाग रंगाच्या टाकीत सोडला की रंग त्या भोकांत शिरतो, आणि शेवटी उकळत्या पाण्यात घातला की भोकांची तोंडं मिटतात. असा रंग नखानं खरवडून निघत नाही, आणि त्यातून धातूची चमकही दिसत राहते.

"लागलेला रंग जातो, मुरलेला रंग राहतो," असं रंगारी म्हणायचा. शिकाऊ पोरांना तो हे इतक्या वेळा सांगायचा की पोरं त्याच्या आधी वाक्य पुरं करायची.

भाग टाकीत किती वेळ ठेवायचा हे कागदावर लिहिलेलं असे, पण कागद बघून रंगाऱ्याचा हात कधी थांबला नाही. रंग ताजा आहे की वापरून दमलाय, पाणी किती गरम आहे, धातू कुठल्या खेपेतला आहे, सगळं बघून तो हात उचलायचा. उचलला की उचलला. पुन्हा बुडवायची वेळ त्याच्यावर क्वचित यायची आणि आली तर त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलायच्या भानगडीत पडत नसे.

या कामात एकच गोम होती. भाग टाकीत टांगायचा तर तो कुठेतरी तारेनं धरावा लागतो. जिथे धरला तिथे कवच येत नाही आणि रंगही चढत नाही. मोहरीएवढा पांढरा ठिपका तिथे राहून जातो. चांगला कारागीर हा ठिपका अशा जागी लपवतो की गिऱ्हाइकाचा डोळा कधी तिथे जाऊ नये.

जित्याची खोड म्हणतात तशी त्याला एक खोड होती. बसमध्ये शेजारच्याच्या हातातला फोन दिसला की हा मान वाकडी करून बघत बसायचा. कोपरे पांढरे पडलेले दिसले की बायकोच्या कानात सांगायचा, "हा किल्ल्या आणि फोन एकाच खिशात ठेवतो." कडेला बारीक पुरळासारखे डाग दिसले की, "घामट हाताचा आहे. याला काही देऊन उपयोग नाही." एकदा एका बाईला वाटलं हा आपल्याकडेच टक लावून बघतोय. तिनं भर बसमध्ये आवाज चढवला. बायकोनं त्याला मधल्याच थांब्यावर ओढून उतरवलं, आणि उरलेली वाट दोघं चालत गेले. ती सबंध वाट बायको हसत होती आणि हा गाल फुगवून चालत होता.

कुठला रंग किती टिकतो याचे त्याचे ठोकताळे पक्के होते. सोनेरी सगळ्यांत चिवट. काळा माणसाला पुरून उरतो. निळा बरा. लाल उन्हात गुलाबी पडतो, आणि जांभळ्याचं तर नावच काढू नका. तो आणला होता अत्तराच्या बाटल्यांच्या टोपणांसाठी. टोपणं कपाटात बसतात, त्यांना ऊन कुठलं लागायला? पण हे सगळं त्यानं कारखान्यातच ठेवलं. घरी मात्र छाती फुगवून सांगायचा, "कारखाना बंद पडेल, मी जाईन, पण माझा रंग जायचा नाही." बायकोनं यावर कधी वाद घातला नाही. ती घरी शिवणकाम करायची. कुणाची बाही आखूड कर, कुणाची चेन बदल, कुणाची तुटलेली बटणं जुळवून लाव. खिडकीशी मशीन आणि शेजारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात शेकडो सुटी बटणं. तिचंही काम रंग जुळवण्याचंच, पण तिनं त्याचा कधी गवगवा केला नाही.

त्यांना एकच मुलगी. दिवस भरायच्या आधीच जन्मली म्हणून तिचं घरातलं नाव घाईबाई. ते तिनं मोठेपणीही खरं केलं. जेवायची उभ्यानं, चहा गरम गरम प्यायची आणि जीभ भाजली म्हणून चहालाच बोल लावायची. दाराची कडी अडकायची तर तिला हातानं हलवत बसायला वेळ नसे. ती कमरेनं एक धक्का द्यायची. धप्प असा आवाज आला की बायको मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "आली वादळवारा." कडी दुरुस्त करायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं.

पहिल्या पगारात घाईबाईनं एक प्लेअर घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, मागे कपड्याला किंवा पट्ट्याला लावायचा चिमटा. रंगाऱ्याच्याच कारखान्यातून गेलेली डबी, पण साधी, बिनरंगाची. तीच सगळ्यांत स्वस्त असायची आणि गावोगाव तीच दिसायची.

"बाबा, मला हा जांभळा करून द्या."

"जांभळा? अगं, काळा घे. तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल."

"नातवंडं त्यांचं ती बघतील. मला टिकाऊ नकोय, मला छान हवाय."

"उन्हात उडतो गं तो."

"उडू दे. तोवर छान दिसेल ना? आणि आईला नका सांगू उडतो म्हणून. तिला वाटतं तुमचा रंग जातच नाही."

त्या कंपनीच्या यादीत जांभळा नव्हताच, म्हणजे असा प्लेअर जगात दुसरा नव्हता. मालकाला विचारून त्यानं जेवणाच्या सुट्टीत काम काढलं. डबी उघडली, जुनं कवच तेजाबासारख्या उग्र पाण्यात उतरवलं, नवं चढवलं. उतरवण्यात धातू किंचित झिजला आणि बटण जरासं सैल झालं, ते काही त्याला चुकवता आलं नाही. तार कुठे लावावी याचा त्यानं फार विचार केला. शेवटी चिमट्याच्या पोटात लावली, म्हणजे चिमटा मिटला की ठिपका गायब. मग त्यानं डबी जांभळ्यात सोडली आणि श्वास धरून उभा राहिला. वर काढली तेव्हा बाजूचा कामगार टाकी सोडून बघायला आला. दिवे लागायच्या आधी आभाळाच्या कडेला असतो ना, तसा रंग उतरला होता.

घाईबाईनं पहिल्या मिनिटाला चिमटा दाबून बघितला. "बाबा, इथे पांढरं राहिलंय."

"तिथे तारेनं धरलं होतं. धरलं तिथे रंग चढत नाही."

"हे बरंय तुमचं," म्हणत ती हसली आणि प्लेअर ओढणीला लावून धाडधाड जिना उतरली.

पुढच्या वर्षी तिला नदीचं पाणी मोजणाऱ्या खात्यात नोकरी लागली. होडीत बसून पाण्याची खोली आणि वेग मोजायचा, आकडे खाली पाठवायचे. रंगाऱ्यानं साफ नाही म्हटलं. पोहता येतं म्हणून काय झालं, नदी काय विहीर आहे? घाईबाईनं त्याला पुरं बोलू दिलं, जे ती सहसा करत नसे, आणि मग म्हणाली, "धरून ठेवलंत तर रंग चढायचा नाही. तुमचंच वाक्य आहे." आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याला तो नंतर आयुष्यभर शिव्या देत राहिला.

एका सकाळी वरच्या अंगाच्या धरणातून पाणी सोडलं गेलं आणि होडी उलटली. होडीत तिघं होते. दोघं काठाला लागले. घाईबाई लागली नाही.

शोध घेतला, जाळी टाकली, खालच्या गावांना कळवलं. पोलिसांनी अंगावर काय काय होतं ते विचारलं आणि बायकोनं सांगितलं. निळा सदरा, खाकी पिशवी, पिशवीच्या पट्ट्याला जांभळा प्लेअर. काही सापडलं नाही. रंगारी कामावर परतला तेव्हा एकानं सवयीनं हाक मारली, "अरे बुड..." आणि पुढचा शब्द तोंडातच चावला. त्यानंतर त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नाही. एवढी वर्षं चिकटलेलं नाव असं एका क्षणात गळून गेलं.

गेलेल्या माणसासाठी रडता येतं. न सापडलेल्याचं काय करायचं असतं, हे कुणालाच ठाऊक नसतं. बायको आधी दारात बसायची, मग मशीनवर बसू लागली, पण पाय चालवायचे थांबवून मधेच जिन्याकडे कान द्यायची. "ती आली तर?" असं एकदा म्हणाली आणि किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवू लागली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय हे रंगाऱ्याला आता कळलं. त्याच्या टाकीतले भाग निदान वर तरी निघत.

वर्ष उलटून गेल्यावर नदीच्या खालच्या अंगाच्या पोलीस चौकीतून निरोप आला. वाळू काढणाऱ्यांना एक प्लेअर सापडला होता, कशाचा ते न कळणाऱ्या कुजक्या पट्ट्याच्या तुकड्याला लागलेला. आजूबाजूची सगळी वाळू त्यांनी चाळली, दुसरं काही नव्हतं. दोघं बसनं गेले. चौकीतला जमादार सुटलेल्या पोटाचा, बोलका माणूस होता. त्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यातून प्लेअर काढून टेबलावर ठेवला.

प्लेअर पांढरा होता. मळकट, चरे पडलेला, पांढरा.

"असे तर ढिगानं आहेत," जमादार म्हणाला. "माझ्या मेहुण्याकडेही आहे. तुम्ही सांगितलेला तर जांभळा. पण विचारायचं माझं काम. तुम्ही फक्त नाही म्हणा, मी तुम्हाला मोकळं करतो."

रंगाऱ्यानं तो हातात घेतला. अंगठा बटणावर गेला आणि बटण किंचित हललं. नव्या डबीत ते हलत नाही. वाळूत सबंध वर्ष उन्हात उलटीपालटी होत राहिलेली वस्तू, तिच्यावर जांभळा कुठला राहणार? त्यानं चिमटा दाबला. फटीत, जिथे ऊन पोचत नाही तिथे, बोटाच्या पेराएवढी जांभळी पट्टी होती. तशीच, त्या दिवशी वर काढली तशी. आणि पट्टीच्या मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका.

बायकोनं त्याचं कोपर धरलं होतं. "हा पांढरा आहे," ती म्हणाली. "तिचा जांभळा होता. हो ना?" मग जमादाराकडे वळून, जरा ताठ होऊन, म्हणाली, "यांनी स्वतः रंगवला होता. यांचा रंग जात नाही."

त्या 'हो ना'मध्ये तिचं सगळं होतं नव्हतं ते आलं, असं रंगाऱ्याला वाटलं. एकदा 'हा तिचाच' म्हटलं की ही बाई इथेच, या पोलिसाच्या फरशीवर संपेल. त्यानं चिमटा सोडला. तो टक् करून मिटला.

"नाही," तो म्हणाला. "हा आमचा नाही. आमचा रंग असा जात नाही."

जमादारानं प्लेअर खोक्यात टाकला. खोक्यात आणखी बरंच काही होतं, घड्याळं, चष्मे, एक छत्रीची मूठ. त्यांच्यात पडल्याचा आवाज रंगाऱ्यानं ऐकला आणि दाराबाहेर येईपर्यंत मागे बघितलं नाही. परतीच्या बसमध्ये बायको खिडकीतून बघत राहिली. उतरल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं, कारण घरचं संपलं होतं.

त्या दिवसापासून रंगाऱ्यानं खोट्याला खऱ्यासारखं जपलं. एकदा तोंडातून गेलं ते निभावलं पाहिजे, नाहीतर तिला संशय येईल. दिवेलागणीला जिन्यातला दिवा तो स्वतः लावायचा. "अंधारात ठेच लागेल तिला, आली तर," तो मोठ्यानं म्हणायचा. बायको म्हणायची, "हो ना." कडी दुरुस्त करायला सुतार आला तर त्यानंच परत पाठवला, म्हणे तिला सवय आहे. बायको म्हणायची, "हो, तिला सवय आहे." आणि रात्री तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, कारण पोरीसाठी रडायचं तर आधी ती गेली असं म्हणावं लागतं, आणि तेवढंच त्याला घरात म्हणता येत नव्हतं. बायकोतही थोडे बदल झाले, पण दुःखाच्या घरात कोण कशाकशाचा हिशेब ठेवणार? ती गिऱ्हाइकांना सांगू लागली, बटणं तुमची तुम्ही आणा. बटणांचा डबा खिडकीतून उठून ट्रंकेत गेला. रंगाऱ्याला वाटलं, म्हातारपण येतंय, नजर काम देत नसेल.

कारखान्यात त्यानं जांभळ्याला पुन्हा हात लावला नाही. टोपणांची ऑर्डर आली की डोळ्यांत पाणी येतं म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. मालक समजूतदार, तो दुसऱ्याला द्यायचा. मग गाणी फोनमध्ये शिरली, प्लेअर बनायचे बंद झाले. पुढे रंगाऱ्याची नोकरीही संपली. निरोपाच्या दिवशी कुणीतरी त्याला आठवण म्हणून सगळ्या रंगांच्या नमुन्यांची पट्टी दिली. घरी येताना वाटेत थांबून त्यानं तिचा एक तुकडा वाकवून वाकवून तोडला आणि गटारात टाकला.

इमारतही तोवर थकली होती. घरमालकानं ती पाडायची ठरवली आणि भाडेकरूंना लांबच्या नव्या वस्तीत खोल्या दिल्या. एकेक बिऱ्हाड हललं. खालचे गेले, समोरचे गेले, शेवटी सबंध जिन्यात एकच दार उघडायचं. रंगारी विचारायचा, "काय करायचं आपण?" बायको म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." मग तो जरा थांबून म्हणायचा, "पण ती आली तर? कुठे शोधेल आपल्याला?" आणि बायको म्हणायची, "हो ना." असं दोघांनी दोन हिवाळे काढले. घरमालक भला, नुसता हात जोडायचा.

मग एका दुपारी बायको नळाचं पाणी घेऊन वर आली आणि तिच्या पाठीमागे, ती नुकतीच ज्या पायरीवरून आली त्याच पायरीवर, छताचा मोठा तुकडा येऊन आदळला. धप्प आवाज झाला. रंगारी आतून धावला. आवाज ऐकून क्षणभर त्याच्या मनात जे आलं ते बायकोच्या तोंडावरही दिसलं. ती हातात कळशी घेऊन उभी होती, केसांवर चुना पडला होता. "काही नाही," ती म्हणाली. "छत पडलं."

त्या क्षणी रंगाऱ्याचं ठरलं. खोटं बोलून जिला वाचवली तीच आता त्या खोट्यापायी ढिगाऱ्याखाली जायची. नुसतं सांगून ती मानणार नाही, तिच्या हातात तो प्लेअर द्यायचा, चिमटा दाबायला लावायचा. मग ती त्याला काय म्हणायचं ते म्हणो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून तो एकटाच बसमध्ये बसला. सबंध वाटेत एकच भीती होती, की एवढ्या वर्षांनी ते खोकं कुणी कशाला ठेवलं असेल?

चौकी तीच होती, जमादारही तोच, पोट आणखी सुटलेलं आणि केस गेलेले. रंगाऱ्यानं अडखळत सगळं सांगितलं. नदी, वाळू, पांढरा प्लेअर.

"अहो, तो कधीच गेला," जमादार म्हणाला. "तुमच्या बाई घेऊन गेल्या."

"कोण?"

"तुमच्याबरोबर आल्या होत्या त्याच. त्याच आठवड्यात परत आल्या, एकट्या. मला म्हणाल्या, जरा बघू द्या. मागचा चिमटा दाबून बघत बसल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, आमचाच आहे. मी म्हटलं, मालक तर नाही म्हणाले. तर म्हणाल्या, त्यांना सांगू नका." जमादारानं खुर्ची पुढे सरकवली. "मला वाटलं, एव्हाना तुम्हाला माहीत असेल. बसा, पाणी घ्या."

रंगारी बसला. पाणी घेतलं. पेला परत ठेवताना तो टेबलाच्या कडेवर ठेवला आणि जमादारानं तो हळूच आत सरकवला.

घरी आला तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि बायको मशीनवर होती. त्यानं चपला काढल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिनं विचारलं.

"चौकीवर गेलो होतो."

मशीन थांबलं. बायकोनं सुईखालचं कापड सोडवलं, दोरा तोडला, कापडाची नीट घडी घातली. मग उठली आणि काही न बोलता आधी खिडकी लावली. वरचा पडदा ओढला. कडेनं ऊन येत होतं तिथे शिवायला आलेली कुणाची तरी पँट अडकवली. खोलीत अंधारल्यासारखं झालं तेव्हा तिनं ट्रंक उघडली आणि बटणांचा डबा काढला.

"ऊन लागायला नको," ती म्हणाली.

बटणांच्या तळाशी, काळ्या कापडात गुंडाळून, प्लेअर होता. तिनं तो त्याच्या हातात दिला. त्यानं चिमटा दाबला. पट्टी होती. ठिपका होता. रंगारी तिथेच जमिनीवर बसला आणि मोठ्यानं रडला. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं रडत होतं. बायको शेजारी बसली.

"मला वाटलं तुला कळलं नाही," तो कसाबसा म्हणाला. "तूच म्हणालीस, माझा रंग जात नाही."

"तुमचा रंग उडतो ते मला तेव्हाच ठाऊक होतं. ती खिडकीत ठेवायची ना रोज, एक बाजू फिकी पडली होती. मला म्हणाली, बाबांना बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल." बायकोनं डोळे पुसले. "चौकीत तुम्ही चिमटा दाबलात आणि तुमचं तोंड बघितलं मी. म्हणून तसं म्हणाले. आणि तुम्ही नाही म्हणालात. तुम्हाला ते झेपणार नाही, हे दिसत होतं. मी कशी हो म्हणणार?"

"मग परत जाऊन आणलास कशाला?"

"तिला त्या पोलिसांच्या खोक्यात ठेवू?" बायको म्हणाली. "त्या चष्म्यांमध्ये?"

त्यानं चिमटा हळूच मिटू दिला. मग त्यानं विचारलं, "आणि हे घर? मला वाटलं तू तिच्यासाठी थांबली आहेस."

"मी? रोज 'ती आली तर' कोण म्हणत होतं?"

तिला हसू आलं की रडू, हे त्या अंधारात नीट दिसलं नाही. तिनं त्याच्या हातातला प्लेअर घेतला, कापडात गुंडाळला, आणि डब्यात बटणांच्या खाली ठेवला. मग तिनं चौकटीवरची किल्ली काढून आणून तीही त्याच डब्यात टाकली, आणि झाकण दाबून बसवलं.

दोघं तशीच बसून राहिली. पडद्याच्या कडेचं ऊन पिवळं झालं, मग गेलं. दिवेलागण झाली तशी रंगारी सवयीनं उठला, गुडघ्यावर हात टेकून, आणि जिन्यातला दिवा लावायला दाराकडे निघाला. बायकोनं बसल्या जागेवरून त्याचा हात धरला.

"अहो," ती म्हणाली, "राहू द्या आता."